विषय: मुद्रा कर्जाच्या अर्जावर लेखी उत्तर न देणे, तारण मागणे व शाखेतील अपमानास्पद वागणूक

प्रति,
विभागीय व्यवस्थापक, कर्ज विभाग

महोदय,

आज तुमच्या हेल्पलाइनवरून पुन्हा 'शाखेत चौकशी करा' एवढंच सांगून फोन ठेवला गेला. शाखेतून हेल्पलाइनकडे पाठवतात, हेल्पलाइन शाखेकडे. म्हणून हे पत्र.

माझे दोन दहा टायरी ट्रक पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून धुळे, नागपूर, रायपूरमार्गे कोलकात्याला जातात. मुद्रा योजनेच्या 'तरुण' गटातून नऊ लाखांचं कर्ज मागितलंय ते खेळत्या भांडवलासाठी. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता हे सगळं गाडी निघण्याआधी रोख लागतं आणि व्यापाऱ्याकडून भाडं हातात पडायला महिना-दीड महिना जातो. मधल्या काळात सावकाराकडे हात पसरावा लागू नये, यासाठीच तर ही योजना आहे ना?

उद्यम नोंदणी, जीएसटी, आरसी, परमिट, बिल्ट्यांच्या (माल पाठवल्याच्या पावत्यांच्या) प्रती सगळं दिलं. तरी कर्ज अधिकाऱ्यांनी पहिल्याच भेटीत राहत्या घराचा उतारा मागितला. मुद्रा कर्ज विनातारण असतं, त्याला सरकारी हमीचं संरक्षण असतं आणि लघुउद्योगांच्या एवढ्या रकमेच्या कर्जाला तारण घेऊ नका असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय. हे तुम्हाला मी सांगायचं? मग म्हणाले, दरवर्षी पन्नास हजार भरायची विमा पॉलिसी काढा, फाईल पुढे सरकेल. नकार असेल तर कारणासह लेखी द्या म्हटलं, तर दिला नाही.

पण पत्र लिहायला बसलो ते मागच्या सोमवारच्या प्रसंगामुळे. काउंटरसमोर पाच-सहा माणसं उभी होती. साहेबांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही, नुसती बाजूला सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ट्रकवाल्यांना पैसे देऊन काय करू? गाडी एकदा बंगालात गेली की शोधायची कुठे?" मी म्हटलं, "साहेब, दोन्ही गाड्यांचा फास्टॅग तुमच्याच बँकेचा आहे. गाडी कुठल्या टोलवरून गेली ते तुमच्या खात्यात दिसतं." त्यावर शेजारच्या क्लार्ककडे बघून हसले, "बघा, आता हे आम्हाला बँकिंग शिकवणार." बाकीचेही हसले. मी फाईल उचलली आणि बाहेर आलो.

पहिल्या ट्रकचं कर्ज याच शाखेचं होतं. एकही हप्ता चुकवला नाही, टाळेबंदीतसुद्धा नाही. बोजा उतरल्याचं ना-हरकत पत्र तुमच्याच सही-शिक्क्याचं आहे आणि त्याची प्रत त्या न उघडलेल्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावलेली होती. माझे वडील ड्रायव्हर होते, त्यांचंही खातं इथलंच. इतक्या वर्षांत आम्ही पळून गेलो नाही. मग पळून जाणारी माणसं म्हणून चारचौघांत नाव का घेतलंत?

अर्ज फेटाळला असेल तर कारणासह लेखी द्या. हे मी शाखेत मागितलं, हेल्पलाइनवर मागितलं, आता इथे मागतोय. पंचवीस लाखांच्या आतल्या अर्जावर 14 कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो काळ केव्हाच उलटला आणि माझ्याकडे साधी पोचसुद्धा नाही.

त्या अधिकाऱ्यांनी माझी माफी मागावी. पॉलिसीची अट कोणाच्या सांगण्यावरून घालतात याची चौकशी करावी. अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाईल. चालू खातं आणि दोन्ही फास्टॅगही दुसऱ्या बँकेत नेईन. पिंपळगावातले इतर गाडीमालक कर्जासाठी कुठे जावं हे मला विचारतात, त्यांनाही घडलेलं जसंच्या तसं सांगेन.

तुमचा जुना खातेदार
(सोबत: अर्जाची व ना-हरकत पत्राची प्रत)