आरएफ लॅबच्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, प्रबंध एकदाचा जमा झाला. आभाराच्या पानावर तुमचं नाव आहे, पण सर, समिती, घरचे असे सगळे झाल्यावर, ‘तांत्रिक सहकार्याबद्दल’ एवढ्यावर भागवलेलं. त्यात काय काय कोंबलंय ते तिथे लिहायची सोय नव्हती. म्हणून हे चारचौघांत.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. काका आमच्या आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या, लॅबमधले तंत्रज्ञ. मोबाइलच्या टॉवरवर सिग्नल अँटेनाकडे जाण्याआधी त्याला शेवटची ताकद देतो तो पॉवर अॅम्प्लिफायर. त्याच्या क्लास-बी नावाच्या प्रकारात कागदावरची कमाल कार्यक्षमता ७८.५ टक्के, तीही पूर्ण ताकदीवर चालवला तर. फाइव्ह-जीच्या सिग्नलची सरासरी शिखरापेक्षा बरीच खाली असते, आणि नुसतं ६ डीबी खाली, म्हणजे ताकदीच्या चौथाईवर, आलं तरी ही कार्यक्षमता निम्म्यावर येते. बाकीची वीज उष्णता होऊन जाते. यावरचा तोडगा बेल लॅब्जच्या विल्यम डोहर्टींनी १९३६ मध्ये, व्हॉल्व्हच्या जमान्यातच काढला होता: दोन अॅम्प्लिफायर जोडायचे, एक कायम राबणारा आणि दुसरा शिखर आलं की मदतीला धावणारा. ही जोडी गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरवर ३.५ गिगाहर्ट्झला चालवायची, एवढंच माझं काम.

सिम्युलेशनमध्ये सगळं छान होतं. तिथे ते नेहमीच असतं. टेबलावर बोर्डला २८ व्होल्ट दिले, आणि स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती ताकद ते दाखवणारं यंत्र) कॅरियरच्या, म्हणजे मूळ सिग्नलच्या, दोन्ही बाजूंना नको ती टेकाडं. तुम्ही सोल्डरिंग करता करता मान वर करून म्हणालात, “इनपुट बंद कर बघू.” बंद केला, तरी पार खाली, काहीशे मेगाहर्ट्झवर एक रेघ तशीच उभी. “हा स्वतःच गातोय. बायसची लाइन बघ.” बायस म्हणजे ट्रान्झिस्टरला लागणारा स्थिर व्होल्टेजचा पुरवठा. ट्रान्झिस्टरचा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) खालच्या फ्रीक्वेन्सीला कितीतरी जास्त असतो, आपण ३.५ गिगाहर्ट्झचं मॅचिंग (सिग्नल नीट पुढे जावा म्हणून करायची जुळणी) करत बसतो आणि तो खाली भलतीकडेच ऑसिलेट होतो, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच सिग्नल काढत बसतो. गेट म्हणजे ट्रान्झिस्टरला ताब्यात ठेवणारं टोक, ड्रेन म्हणजे मुख्य वीज द्यायचं टोक. गेटच्या बायसमध्ये तुम्ही एक छोटा रेझिस्टर घातलात, ड्रेनच्या बाजूला एक मोठा कपॅसिटर, आणि रेघ गेली. चहा यायच्या आत.

आणि ती टूथपिक! टोकाला तांब्याच्या पट्टीचा तांदळाएवढा तुकडा चिकटवलेली. चालू बोर्डवर ती मॅचिंगच्या लाइनजवळ हळूहळू सरकवायची, एक डोळा पॉवर मीटरवर. जिथे आकडा चढेल तिथे तेवढाच तुकडा सोल्डर करून टाकायचा. माझ्या प्रबंधातल्या शेवटच्या बोर्डच्या फोटोत आउटपुटच्या लाइनला असे दोन कान फुटलेले दिसतात. परीक्षकांनी विचारलं, हे कुठल्या पद्धतीने काढले? मी ‘प्रायोगिक ट्यूनिंग’ म्हणाले. पद्धत टूथपिकची, काका.

ट्रान्झिस्टरखालचा तांब्याचा ठोकळा तुम्ही काचेवर पॉलिश पेपर ठेवून किती वेळ घासायचात! मला तेव्हा ते उगाच वाटायचं. खाली जरा पोकळी राहिली की उष्णता बाहेर पडत नाही आणि ग्राउंडही लांब पडतं, हे नंतर आकड्यांतच दिसलं. पॉवर सप्लायवर चिकटवलेली तुमची चिठ्ठीही तशीच: ‘आधी गेट, मग ड्रेन. बंद करताना उलटं.’ गेटला उणे व्होल्टेज नसेल तर हा ट्रान्झिस्टर सताड उघडा असतो. तशात ड्रेन दिला की संपलाच. एकेक नग हजारांत जातो, त्यामुळे त्या चिठ्ठीने लॅबचे किती पैसे वाचवले ते ऑडिटवाल्यांनाही कळणार नाही.

एक राग मात्र आहे. पेपरच्या लेखकांत तुमचं नाव घालायला सर लगेच तयार झाले होते. तुम्हीच “मला कशाला त्यात” म्हणून उडवून लावलंत. ज्याच्या हातांमुळे मापनाचे आकडे आले तो लेखक नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पुढच्या पेपरला मी विचारणारच नाही.

माझ्या टेबलावर आता नवी मुलगी आली आहे. हुशार आहे, पण कनेक्टर लावताना नटाऐवजी केबल पिळते. तुमचा नंबर तिला दिलाय. रविवारी सकाळी फोन करेल, उचला. काकूंना नमस्कार.

आपली,
कोपऱ्यातल्या टेबलावरची