पुराच्या दिवसातला पैसा आणि डिसेंबरचा पगार

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी चिपळूण तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेचा खजिनदार आहे. विशेष मुलांची दिवसाची शाळा चालवतो आम्ही, एकवीस मुलं, तीन ताई आणि वाड्यावाड्यातून पोरांना आणणारी एक रिक्षा, बस एवढाच संसार. सरकारी अनुदान नाही. पत्र लिहायला बसलो कारण गेल्या आठवड्यात वर्षाचा हिशोब लावत होतो आणि पुन्हा तेच दिसलं जे दरवर्षी दिसतं, की लोकांनी दिलेल्या वस्तूंनी एक खोली भरलीय पण रिक्षावाल्या दादाचे दोन महिन्यांचे पैसे द्यायचे राहिलेत. त्यावर उपाय म्हणून सगळ्या जिल्ह्याचा मिळून एक कायमचा निधी असावा, असं मला सुचवायचं आहे.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं ते दिवस इथला माणूस विसरणार नाही. आमच्या शाळेत छातीएवढं पाणी होतं. त्यानंतर पंधरा दिवस जी मदत आली ती डोळ्यांनी बघितलेली आहे, घाटावरून ट्रक, मुंबईच्या मंडळांचे टेम्पो, कोणी चिखल काढायला पंप घेऊन आलं, कोणी नुसते हात घेऊन आलं. ती माणसं नसती तर आम्ही उभे राहिलो नसतो हे आधी सांगतो. पण ऑगस्ट संपला तसं सगळं थांबलं. आमच्याकडे ब्लँकेटं दोनशेच्या वर जमली, कपड्यांचे तर ढीग, आणि डिसेंबरात तीनपैकी एका ताईंना सांगायची वेळ आली की या महिन्यात पगार अर्धाच मिळेल. त्या गप्प बसल्या, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या. तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

तुम्ही म्हणाल मग लोकांकडे पगारासाठी मागा ना. मागतो की! पण पगाराला, लाईट बिलाला, ऑडिटच्या फीला पैसे द्यायला माणूस तयार होत नाही, त्याला खुर्च्या द्यायच्या असतात, पंखा द्यायचा असतो, नाव घालता येईल असं काहीतरी. त्यात मला चूक वाटत नाही, आईवडिलांच्या नावाने काहीतरी व्हावं ही भावना चांगलीच आहे. अडचण अशी आहे की ती भावना आणि संस्थेची खरी गरज यांची गाठ घालून देणारं आपल्या जिल्ह्यात कोणी नाही.

अशी गाठ घालायचं काम काही ठिकाणी कम्युनिटी फाउंडेशन करतं. आपण त्याला लोकनिधी म्हणू. असं पहिलं फाउंडेशन अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात 1914 साली निघालं, फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्याने काढलं. त्याच्या बँकेकडे लोकांनी मृत्युपत्राने ठेवलेले पैसे असायचे, अमक्या कामालाच वापरा असं लिहून, आणि पन्नास वर्षांनी ते कामच उरलेलं नसायचं, पैसा मात्र तसाच अडकून. त्याने काय केलं, असे सगळे निधी एका छत्राखाली आणले, मुद्दल बँकेने सांभाळायचं आणि उत्पन्न कुठे द्यायचं ते गावातल्या माणसांच्या कमिटीने दरवर्षी गरज बघून ठरवायचं. पुढे हीच पद्धत जगभर गेली, आपल्या मुंबईत पण 1991 ला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच विचाराने सुरू झाला.

अडकलेल्या पैशाचं हे दुखणं आपल्याकडेही आहे. शेजारच्या गावात एका व्यापाऱ्याने फार पूर्वी ठेव ठेवलेली, घाट चढून जाणाऱ्या गाड्यांच्या बैलांना वैरण आणि पाणी मिळावं म्हणून. दानत बघा त्या माणसाची, मुक्या जनावराचा विचार केला. आज त्या रस्त्याला बैलगाडी नाही आणि त्या ठेवीच्या व्याजाचं काय करायचं हे विश्वस्तांना कळत नाही. कायद्यात वाट आहे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 55 खाली कोर्टाकडून हेतू बदलून घेता येतो, पण त्या छोट्या रकमेसाठी वकील लावून तारखा कोण करणार, म्हणून ती पडून आहे. सुरुवातीलाच लोकनिधीत ठेवली असती आणि लिहिलं असतं की हे काम उरलं नाही तर त्याच्या जवळचं दुसरं काम कमिटीने बघावं, तर आज तोच पैसा गुरांच्या लसीला गेला असता.

आणि हे काही आपल्याला परकं आहे असं कोणी समजू नये. मुरुडहून मुंबईला गेलेल्या महर्षी कर्व्यांनी गावाच्या कामासाठी मुरुड फंड काढला होता. पैसा फंडाची गोष्ट तर जुन्या माणसांना माहीत आहे, माणशी एक पैसा जमवत जमवत 1908 ला तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, आणि संगमेश्वरात पैसा फंड नावाची शाळा आजही आहे. देवरुखचं मातृमंदिर 1954 पासून उभं आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं, पुरात त्याची पुस्तकं भिजली तरी ते पुन्हा उभं राहिलं, लोकांच्याच जोरावर. मुंबईतली आपली ग्रामस्थ मंडळं घ्या, पावती पुस्तक घेऊन चाळीचाळीत फिरून शिमग्याला पालखीसाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी लाखांनी पैसे उभे करतात, हिशोब चोख असतो, सभेत एक एक रुपया विचारला जातो. देवळाला देऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही, मी पण देतो. माझं म्हणणं एवढंच की ही जी वर्गणी गोळा करायची आणि हिशोब द्यायची सवय आपल्यात आहे तिचा दहावा हिस्सा जरी कायम राहणाऱ्या मुद्दलात गेला तरी जिल्ह्याचं चित्र बदलेल.

आता पैशाचं बोलतो कारण त्याशिवाय हे सगळं हवेत राहील. समजा सगळ्यांनी मिळून एक कोटीचं मुद्दल जमवलं आणि सात टक्क्याने ठेवलं तर वर्षाला सात लाख येतात. आयकराच्या नियमाने, मुद्दल म्हणून दिलेल्या देणगीबरोबर देणाऱ्याने तसं लेखी द्यावं लागतं, ते पत्र नसेल तर ती साधी देणगी धरली जाते आणि तिचे 85 टक्के त्याच वर्षी खर्च दाखवायचे. व्याजाला पण तोच 85 टक्क्यांचा नियम. यात एक बारकावा आहे जो लोकनिधी काढणाऱ्याने आधीच लक्षात घ्यायला हवा, 2023 च्या फायनान्स ॲक्टपासून एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या पैशातले 85 टक्केच खर्च म्हणून धरतात. म्हणजे सात लाख सगळेच्या सगळे दुसऱ्या संस्थांना वाटले तरच हिशोब जेमतेम बसतो, महागाईसाठी मुद्दलात परत टाकायला काही उरत नाही. म्हणून मला वाटतं लोकनिधीने निम्मा खर्च स्वतःच करावा, चेक वाटण्यापेक्षा माणूस द्यावा. म्हणजे काय, तर एक अकाउंटंट लोकनिधीने पगारावर ठेवायचा आणि त्याने दहा बारा छोट्या संस्थांचं लिखापढीचं काम बघायचं, हा खर्च पूर्ण धरला जातो आणि संस्थांना जे खरंच हवंय ते मिळतं.

हे मी अनुभवाने बोलतोय. देणगीची माहिती आयकर खात्याला 31 मेपर्यंत ठरलेल्या फॉर्ममध्ये भरावी लागते, ती भरली तरच देणाऱ्याला करसवलतीचं सर्टिफिकेट निघतं, आणि उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. एका वर्षी मी आजारी होतो, दुसरं कोणी करणारं नव्हतं, तारीख गेली. आमचे एक जुने देणगीदार होते, दरवर्षी न मागता पाठवायचे, त्यांना सर्टिफिकेट वेळेत गेलं नाही, त्यांनी पुढच्या वर्षीपासून बंद केलं. त्यांचं बरोबरच होतं. पण त्यांची रक्कम म्हणजे आमच्या रिक्षाचे चार महिने होते.

देणगीवरच्या करसवलतीवर (लोक तिला 80जी म्हणतात) आता फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही हेही सांगतो, नवीन कर पद्धत घेतलेल्याला ती मिळतच नाही, आणि जुन्या पद्धतीत पण 2000 च्या वर रोख दिलं तर नाही. माणूस देतो तो विश्वासावर देतो. तो विश्वास कमवायचं काम म्हणजे लोकनिधीचं खरं काम असं मी मानतो, कोणती संस्था कागदावर आहे आणि कोणती खरंच चालते हे मुंबईत बसून कळत नाही, त्यासाठी पावसात जाऊन बघावं लागतं, मुलं किती येतात, चूल पेटते का, ताईंचा पगार वेळेवर होतो का.

लोटे परशुराम, महाडच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे सीएसआर आहे, म्हणजे समाजाच्या कामाला द्यायचे नफ्याचे दोन टक्के, त्यांच्याकडे का जात नाही असं बरेच जण विचारतात. गेलो होतो. तिथे सीएसआर 1 चा, म्हणजे सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेच्या सरकारी नोंदणीचा, नंबर लागतो, तीन वर्षांचं ऑडिट लागतं, प्रकल्प अहवाल लागतो, आमच्याएवढी संस्था दारातच थांबते. लोकनिधी असेल तर तो एक मोठा अर्ज करून पाच संस्थांचं काम एकत्र मांडू शकतो. पण लक्षात ठेवा, सीएसआरचा पैसा मुद्दलात टाकता येत नाही, तो कामावरच खर्च करायचा असतो. मुद्दल आपल्यालाच घालावं लागणार, लोकांनाच.

आणि लोक आहेत. मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, दुबई कुवेतला आहेत. आखातातल्या आपल्या भावांना वाटतं परदेशातून पैसे पाठवले की संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची परवानगी, लागते, तसं नाही, भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरत नाहीत. परदेशाचं नागरिकत्व घेतलं असेल, त्यांच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असलं, तरी मात्र लागते. आमच्या भागातल्या मुस्लिम जमातींनी पुरात जेवढं केलं तेवढं कोणीच केलं नसेल, तीन दिवस सगळ्या वस्तीला जेवण तिथून होतं, आमच्या शाळेतला गाळ काढायला पहिली आलेली पोरं पण तिथलीच. लोकनिधीच्या कमिटीत सगळ्या वाड्या, सगळे मोहल्ले असायलाच पाहिजेत, त्याशिवाय तो सगळ्यांचा होणार नाही.

एखाद्याला आजीच्या नावाने दोन लाख ठेवायचे असतील तर त्याने त्यासाठी वेगळा ट्रस्ट कशाला काढायचा, धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी ऑडिट, दरवर्षी रिटर्न, आणि पुढच्या पिढीला रस नसला की ती फाईल कपाटात. लोकनिधीत तोच निधी आजीच्या नावानेच राहील, ऑडिट सगळ्यांचं मिळून एकच, आणि दरवर्षी घरी पत्र येईल की यंदा आजीच्या व्याजातून दापोलीच्या दोन मुलींची नर्सिंगची फी भरली. मला वाटतं खुर्चीच्या पाठीवर नाव घालण्यापेक्षा त्या घराला हे पत्र जास्त आवडेल.

भीती एकच आहे, कमिटी ताब्यात जायची. तालुक्याला कोण कोणाचा हे सगळ्यांना माहीत असतं, आपल्या माणसाच्या संस्थेला झुकतं माप मिळालं की झालं, दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर चर्चा आणि लोकनिधी संपला. त्यामुळे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावं, तीन वर्षांच्या वर कोणी खुर्चीत नाही, ज्याची संस्था अर्जदार त्याने त्या वेळी बैठकीबाहेर जायचं, निवडणुकीला उभा राहणाऱ्याने आधी राजीनामा द्यायचा, आणि वर्षाचा हिशोब कोणाला किती, का, आणि कोणाला नाही, का नाही, हे मराठीत पेपरात छापायचं. मी स्वतः एका गरजू संस्थेचा खजिनदार आहे म्हणून या कमिटीत मी नसावं, आमच्या शाळेचा अर्ज पण पहिली दोन वर्षं मी करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तुमच्याकडे विनंती दोन आहेत. जिल्ह्यातल्या संस्था, मुंबईची मंडळं, जमाती, निवृत्त बँकवाले, सीए यांना एकदा एकत्र बोलवा, पेपरने बोलावलं तर सगळे येतात, आम्ही बोलावलं तर आमच्या ओळखीचेच येतील. गणपतीला चाकरमानी गावात असतात, गौरी विसर्जनानंतरचा एखादा दिवस धरा. आणि हिशोब छापायला वर्षातून एक पान द्यायचं कबूल करा.

आमच्या शाळेचे गेल्या पाच वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, पगाराचं रजिस्टर आणि ती ब्लँकेटांची खोली कोणालाही बघायला उघडी आहे, शनिवार सोडून रोज दहा ते चार. ब्लँकेटं धुऊन ठेवलीत, कोणा संस्थेला हवी असतील तर घेऊन जा.

आपला नियमित वाचक,
एका विशेष शाळेचा खजिनदार, चिपळूण तालुका