तोडणीची तारीख करारात लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाशिकच्या वाइन पर्यटनावरचा लेख वाचला. टाक्या, लाकडी पिंपं, चव, पाहुण्यांची गर्दी, सगळं त्यात आलं आहे. बागेबद्दल मात्र एकच ओळ आहे, की कंपन्या शेतकऱ्यांशी करार करून द्राक्षं घेतात. त्या करारात एक गोष्ट लिहिलेली नसते आणि तिच्यापायी चांगली पिकवलेली बाग डोळ्यांदेखत वाया जाते. त्याबद्दल लिहिते आहे.

दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर वाइन द्राक्षाची बाग आहे. दीड एकर शिराज ही काळ्या द्राक्षाची जात, अर्धा एकर शेनिन ही पांढऱ्याची. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, त्यानंतर चार वर्षांनी माझ्या सासऱ्यांनी पहिली लागवड केली. २००९-१० च्या मंदीत माल उचलणं थांबलं, तेव्हा आमच्या शिवारातल्या कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली. आमचीही गेली. २०१३ ला आम्ही पुन्हा हिंमत केली. या वेळी ११०-आर खुंटावर, म्हणजे ज्या मुळाच्या जातीवर कलम करतात तिच्यावर, लावली, कारण डॉगरिज या दुसऱ्या खुंटावर वेल फार जोर करतो, आणि वाइनच्या बागेला तेवढा जोर सोसत नाही. मिस्टर वारल्यापासून गेली सहा वर्षं छाटणीपासून क्रेट भरेपर्यंत सगळं मी बघते.

खायच्या द्राक्षाची सवय हाताला असलेल्या माणसाला ही बाग सुरुवातीला उलटी वाटते. थॉमसन या खायच्या जातीचे घड आपण जीए या संजीवकात बुडवून मणी लांब करतो, फुगवतो. इथे मणी लहानच हवा. रंग आणि वास सालीत असतो, आणि मणी लहान असला की रसाच्या मानानं साल जास्त मिळते. म्हणून खत हात राखून टाकायचं, मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो मऊ पडून पिकायला लागला, की ड्रिपचे तास कमी करायचे, वेलीवर घड मोजून ठेवायचे. ओळी दक्षिणोत्तर आहेत. मणी सेट झाले की घडाजवळची पानं फक्त पूर्वेकडून काढते. सकाळचं ऊन आणि वारा आत गेला की दव लवकर सुकतं, भुरी या बुरशीच्या रोगाला थारा मिळत नाही. पश्चिमेची पानं तशीच ठेवायची, नाहीतर दुपारच्या उन्हानं घड भाजतो. हे काम पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या बायका करतात. कुठलं पान काढायचं हे त्यांना मला आता सांगावं लागत नाही.

आता मूळ मुद्दा. २०२५ च्या फेब्रुवारीत आमची शिराज तयार झाली. नमुना कसा घ्यायचा ते मी शिकले आहे. एकाच घडाचे मणी तोडायचे नाहीत. उन्हातला, सावलीतला, घडाच्या खांद्याचा, शेंड्याचा, असे वेगवेगळ्या वेलींचे दोनशे मणी घ्यायचे. रिफ्रॅक्टोमीटर या साखर मोजायच्या यंत्रावर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, २३.४ आली. बी तपकिरी झाली होती, दाताखाली भाजलेल्या शेंगदाण्यासारखी फुटत होती. शंभर मण्यांचं वजन १४० ग्रॅम भरलं. कंपनीचे फील्ड ऑफिसर येऊन पाहून गेले, माल झकास आहे म्हणाले. परवा तोडा, असं ठरलं. मजूर सांगितले, क्रेट धुऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी फोन आला की टाकी रिकामी नाही, दोन दिवस थांबा. मग आणखी दोन दिवस. असे नऊ दिवस गेले.

शिराज ही थांबणारी जात नाही. पूर्ण पिकली की मणी आतून सुकायला लागतो, सालीला सुरकुत्या पडतात. पाचव्या दिवशी शंभर मणी १२९ ग्रॅम, नवव्या दिवशी ११८. दुपारचं ऊन वाढलेलं. बुलबुल आणि साळुंक्या टोच मारून जायच्या, फुटलेल्या मण्यावर गांधीलमाश्या आणि चिलटं बसायची. सहाव्या दिवशी सकाळी ओळीत शिरले तर आंबूस वास आला. तो वास आला की द्राक्षवाल्याच्या पोटात खड्डा पडतो. फवारणी करता येत नव्हती, कारण शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे करारात औषधागणिक लिहिलेलं आहे. गंधकसुद्धा कधी बंद करायचं ते लिहिलं आहे. ते योग्यच आहे. मण्यावर गंधक राहिलं तर आंबवताना वाइनला सडक्या अंड्यासारखा वास धरतो. पण फवारणी बंद करायचा दिवस ज्या कागदात आहे, त्याच कागदात तोडणीचा दिवस नाही. तिथे फक्त 'कंपनीच्या सूचनेनुसार' एवढे शब्द आहेत.

साडेसहा टनांचा अंदाज होता, काट्यावर ५ टन २०० किलो भरले. ब्रिक्स २६.८ झाली होती, म्हणून दरातही कपात झाली. साखर वाढली ती माझ्या चुकीनं नव्हे. वेलीवर मण्यातलं पाणी नऊ दिवस उडून जात होतं म्हणून वाढली.

कोणी म्हणेल, दुसरीकडे विकायचं. वाइनच्या द्राक्षाला दुसरीकडे नसतंच. मणी बारीक, साल जाड, आत बी. पिंपळगावच्या बाजारात त्याला कोणी हात लावत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. उभ्या पिकाला एकच गिऱ्हाईक असतं, आणि हे त्या गिऱ्हाइकाला पक्कं माहीत असतं.

वायनरीची अडचण मला समजते. सगळ्यांचा माल एकदम पिकला तर टाक्या पुरत नाहीत. पण त्यावर उपाय आपल्याकडे आहे, तो युरोपातल्या बागांकडेही नाही. तिथे थंडीत वेल झोपतो आणि कधी उठायचं ते ऋतू ठरवतो. आपल्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, आपण ठरवू तेव्हा होते. ती दहा-बारा दिवस पुढेमागे केली की तोडणीही तशीच पुढेमागे होते. कंपनीनं सप्टेंबरातच गावनिहाय छाटणीच्या तारखा वाटून दिल्या, तर फेब्रुवारीत टाक्यांसाठी रांग लागणार नाही. यंदा आमचा माल वेळेत उचलला गेला. त्याचं कारण मी जाणून आहे. गेल्या मे महिन्यापासून पाऊस आणि ढगाळ हवा होती. काडीत घड तयार होतात ते खरड छाटणीनंतरच्या, म्हणजे उन्हाळ्यात नव्या काड्यांसाठी करतात त्या छाटणीनंतरच्या, दीड-दोन महिन्यांत, आणि त्याच दिवसांत ऊन मिळालं नाही. वांझ काड्या जास्त निघाल्या, माल कमी आला, टाक्या रिकाम्या राहिल्या. शेतकऱ्याचा माल वेळेवर उचलला जायला त्याचं पीक बुडावं लागतं, ही व्यवस्था मला मान्य नाही.

माझी मागणी साधी आहे. शेतकरी आणि कंपनी दोघांनी मिळून बागेतच नमुना घ्यावा, ब्रिक्स, आम्लता आणि शंभर मण्यांचं वजन लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ठरलेला आकडा आला की पाच दिवसांत तोडणी. त्यापुढे कंपनीनं थांबवलं तर पैसे सहीच्या दिवशीच्या वजनावर आणि त्या दिवशीच्या दरानं. नमुना घ्यायची पद्धत पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं ठरवून द्यावी, म्हणजे वाद राहणार नाही.

हे सरकारला करता येण्यासारखं आहे. वाइन उद्योगाला चालना म्हणून वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के कंपन्यांना परत मिळतात. जनतेचा पैसा आहे तो. परतावा मागताना शेतकऱ्याशी केलेला करार जोडावा आणि त्यात तोडणीची मुदत असावी, एवढी एक अट घालावी. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा बाजूनं आणि विरोधात बोलणारे सगळे शेतकऱ्याचं नाव घेत होते. करारात काय आहे, हे मात्र त्या वेळी आमच्या गावात येऊन कोणी विचारलं नाही.

आता खरड छाटणी तोंडावर आली आहे. नवे करार गोडी छाटणीच्या आधी, सप्टेंबरात गावात येतील. तोपर्यंत पाच महिने हातात आहेत. आपल्या वार्ताहरांनी यावं. करार आणि त्या नऊ दिवसांची वजनं लिहिलेली वही, दोन्ही मी त्यांच्यापुढे ठेवीन.

– एक महिला द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)