गोळी खाऊन पळू नकोस

प्रिय सोनू,

येशूच्या नावात सलाम.

काल तू फोन आपटलास आणि मी रात्रपाळीला गेले. "जन्मभर दुसऱ्यांची बेडपॅन उचललीस, तुझं नाव तरी कुणाला माहीत आहे?" असं म्हणालीस. त्याचा मला राग नाही. पण तुझी रूममेट सांगत होती की नडगीला कुणाचा हातही लागू देत नाहीस आणि गोळी घेतल्याशिवाय ट्रॅकवर उतरत नाहीस. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

तुझी ती दुखणं थांबवायची गोळी, डायक्लोफिनॅक, खेळाडूंच्या बंदीच्या यादीत नाही, ठाऊक आहे मला. पण हाडाला बारीक चीर गेली असेल तर गोळीने ती सांधत नाही. ठणका तेवढा कळेनासा होतो आणि त्याच पायावर तू चारशे मीटर पळतेस. पोटाला आणि किडनीला होणारा त्रास तर वेगळाच.

संडे स्कूलमध्ये स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलची गोष्ट ऐकून आलीस तेव्हा केवढी होतीस! १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या हीट्स, म्हणजे पहिल्या फेऱ्या, प्रभूच्या दिवशी, रविवारी होत्या म्हणून तो उतरला नाही आणि चारशेत सुवर्ण घेतलं. ४७.६ सेकंद. तो आकडा तुझ्या प्रत्येक वहीवर असायचा. मला त्याचं पुढचं आयुष्य जास्त जवळचं वाटतं. दुसऱ्याच वर्षी तो चीनला गेला, तिएन्त्सिनला मिशनच्या शाळेत शिकवायला. युद्धात जपान्यांनी वेइशियेनच्या छावणीत डांबलं, तर तिथेही पोरांना विज्ञान शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. रविवारी न पळणारा हा माणूस! पण पोरं रविवारच्या हॉकीत भांडायला लागली, तेव्हा स्वतः पंच होऊन मैदानात उतरला. त्याला पोरं एरिककाका म्हणायची.

शेवटी त्याचं डोकं दुखायचं. अतिश्रमाने असेल असं लोकांना वाटलं. मेंदूत गाठ होती, ती कळली तो गेल्यावर. २१ फेब्रुवारी १९४५. त्या छावणीत कुठली तपासणी होणार होती? तुझ्या होस्टेलपासून एमआरआय सेंटरला रिक्षाने जाता येतं, सोनू.

बघ, पुन्हा पायावरच आले. आज एवढं लिहायचं नव्हतं, माफ कर.

तू भिंतीवर बायबलमधलं पौलाचं वचन लावलं आहेस, शरीराला दास करून ठेवण्याचं. ग्रीसमधल्या करिंथच्या लोकांना त्याने ते पत्रात लिहिलं, कारण शर्यती त्यांच्या गावाशेजारीच भरायच्या आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळायचा. वाळून जाणारा मुकुट, असं तोच म्हणतो. पण त्याच पत्रात तीन अध्याय मागे जा. तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, तुम्ही स्वतःचे नाही, हेही त्यानेच लिहिलं आहे. दोन्ही वचनं एका हातची आहेत. नववा अध्याय वाचताना सहावा सोडू नकोस.

नावाचं म्हणशील तर आजीला विचार. जामखेडला आरोळे डॉक्टरांनी १९७० मध्ये गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं, त्यांच्या हाताखाली ती शिकली. अक्षर ओळख नव्हती, पण अख्ख्या गावाची बाळंतपणं तिने केली. तिच्या हातची माणसं आज नातवंडं खेळवतात. त्यांना ती 'बाई' म्हणूनच ठाऊक आहे आणि तिला त्याची कधी खंत वाटली नाही. मलाही नाही. कालच्या रात्रीसुद्धा नाही.

म्हणजे तू पळू नकोस असं नाही गं. नाताळाच्या खेळांत पोरांना मागे टाकून जिंकलेला स्टीलचा पेला पप्पा अजून कुणाला देत नाहीत. पेपरातलं तुझं कात्रण माझ्या ड्यूटीच्या पर्समध्ये असतं, पेशंटच्या नातेवाइकांना दाखवते मी. देवबापाने तुला पाय दिले ते पळायलाच. जिंकलीस तर सगळ्यात मोठ्याने मीच ओरडेन. फक्त पदकासाठी दुखणं लपवू नकोस. कोचसरांना कळलं तर नाव कटेल, ही भीती आहे ना? कटू दे एका मीटमधून.

पैसे मावशीच्या हाती पाठवते, एमआरआय आधी कर. रिपोर्ट मला पाठव, पप्पांना मी सांगेन. पुढच्या महिन्यात रजा टाकली आहे. तू पळणार असलीस तरी येते, नसलीस तरी येते.

तुझी आई