एक्स-रे काढला म्हणजे झालं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देशात नव्याने येणाऱ्या स्थलांतरितांची आल्या आल्या रोगतपासणी सक्तीची करा आणि पॉझिटिव्ह निघेल त्याला परत पाठवा, अशा अर्थाचं एक पत्र तुमच्याकडे छापून आलं, ते वाचून राहवेना म्हणून लिहितोय. तपासणीला माझा विरोध नाही, ती व्हायलाच पाहिजे. पण ती कशासाठी करायची इथेच गाडी घसरलीय असं वाटतं.

टीबीचंच घ्या ना. छातीच्या एक्स-रेत दिसतो तो फुफ्फुसाचा चालू टीबी. पण डब्ल्यूएचओच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या साधारण पाव लोकांना टीबीची लागण कधी ना कधी झालेली आहे, यातल्या बहुतेकांना ना खोकला ना ताप, एक्स-रे एकदम क्लीन, आणि त्यांच्यापासून दुसऱ्याला होतही नाही. त्यातल्या ५ ते १० टक्क्यांना पुढे कधीतरी आजार उठतो, जास्त करून लागण झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. म्हणजे माणूस एअरपोर्टवरून क्लीन रिपोर्ट घेऊन बाहेर पडणार, मग दाटीवाटीच्या खोलीत राहून, जेवणाची आबाळ करून दिवसरात्र राबणार आणि वर्षाने आजारी पडणार, आणि तेव्हा तो सगळ्यात आधी देणार कुणाला तर त्याच खोलीतल्या त्याच्याच माणसांना. इंग्लंडमध्ये म्हणूनच व्हिसाआधीच्या एक्स-रेवर न थांबता टीबी जास्त असलेल्या देशांतून आलेल्या तरुणांची नंतर रक्ततपासणी करून सुप्त टीबी शोधतात, आणि सापडला तर तीनेक महिन्यांच्या गोळ्यांत काम होतं.

हेपटायटिस बी आणि सी तर एक्स-रेत दिसायचा प्रश्नच नाही, वर्षानुवर्षं काही त्रास न देता लिव्हर खात बसतात. सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो, बी साठी घरच्यांना लस देता येते. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक जंत आहे, तो माणसाच्या पोटात कित्येक दशकं गुपचूप राहतो आणि पुढे कुणी दम्यासाठी वगैरे स्टिरॉइड दिलं की जिवावर बेततं. हे सगळं दारात उभं करून पाच मिनिटांत कळणारं नाही, जवळचा डॉक्टर आणि भाषा समजणारा कुणीतरी लागतो.

आणि परत पाठवायचं म्हणाल तर, अमेरिकेने १९८७ पासून एचआयव्ही असलेल्यांना प्रवेशबंदी घातली होती, ती उठली २०१० च्या जानेवारीत. एवढ्या वर्षांत एचआयव्ही तिथून गेला का? रिपोर्ट डॉक्टरकडून व्हिसा ऑफिसर नाहीतर मालकाच्या टेबलावर जाणार असं कळलं की कोण शहाणा टेस्टला येईल, मी तरी नाही येणार बाबा. खोकला दाबून कामावर जाईल.

राहता राहिला गोवर, ज्याचा त्या पत्रात इतका बाऊ केलाय. त्याला लस लागते. अमेरिकेत बाहेरून आलेल्या गोवराच्या केसेस बघितल्या तर त्यात बरेचसे तिथलेच रहिवासी असतात, लस न घेता परदेशात फिरून घरी आलेले. पत्रलेखक यांनाही परत पाठवणार का, आणि कुठे?

कळावे,
आपला एक वाचक