38 हजार शटर काउंट सांगून 1 लाख 87 हजार काउंटचा कॅमेरा विकल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि व्यवस्थापन

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. यापुढे फोनवर बोलायची माझी तयारी नाही, म्हणून हे लेखी देते आहे.

तुमच्याकडून मी वापरलेला निकॉन डी850 घेतला, 1 लाख 12 हजार रुपयांना. जाहिरातीत होतं: ग्रेड ए, शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) 38 हजार, सेन्सर स्वच्छ, ओरिजिनल बॅटरी उत्तम स्थितीत. हातात आलेल्या कॅमेऱ्याच्या पहिल्याच फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या माहितीत, शटर काउंट आहे 1,87,412. हा आकडा कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये स्वतः लिहितो. या बॉडीच्या, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याच्या, शटरची चाचणी 2 लाख क्लिकपर्यंत झालेली असते, हे जुने कॅमेरे विकणाऱ्यांना मी सांगायला नको. गाडीचं मीटर मागे फिरवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात, तोच हा प्रकार आहे.

तुमच्या अटींत आहे म्हणून पार्सल उघडतानाचा व्हिडिओ सील तोडण्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत सलग काढला. तो पहिला फोटो खोक्यात आलेल्या तुमच्याच तपासणी कार्डाचा आहे. कार्डावर ‘शटर काउंट’समोर आकडा नाहीच, निळ्या पेनाने बरोबरची खूण केली आहे. तपासलं कोणी आणि काय? बॅटरीसमोरही तशीच खूण. मेनूत बॅटरीची माहिती उघडली तर बॅटरीचं वय दाखवतं 3. नवी असते तेव्हा 0 आणि पार संपते तेव्हा 4. खाडीकिनारी आकाशावर एफ/16 ला (लेन्सचं छिद्र इतकं लहान केलं की सेन्सरवरची धूळ दिसते) फोटो काढला, तर वरच्या कोपऱ्यात काळ्या डागांची रांग. तिथेही ‘सेन्सर स्वच्छ’, बरोबरची खूण.

तक्रार मी दुसऱ्याच दिवशी नोंदवली, सात दिवसांच्या परतीच्या मुदतीत. तुम्ही ‘ग्राहकाचे समाधान झाले’ असं लिहून ती परस्पर बंद केलीत. पुन्हा नोंदवली तर उत्तर आलं की परतीची मुदत संपली.

आता आजच्या फोनबद्दल. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात, तेव्हा हे स्वतः ऐका.

मी तक्रार क्रमांक सांगितला, शटर काउंटचा आकडा सांगितला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, कॅमेरा घरात कोण वापरतं?” मी म्हटलं, मी. “नाही, म्हणजे सर वापरतात का? सरांना फोन द्या ना, त्यांना टेक्निकल लगेच कळेल.” मी शांतपणे सांगितलं की मी लग्नांचे आणि नाट्यगृहातल्या कार्यक्रमांचे फोटो काढते, हा माझा व्यवसाय आहे आणि बिल माझ्या नावावर आहे. त्यावर ते हसले. हसले, हे मुद्दाम लिहिते आहे. मग म्हणाले, “मग मॅडम, तुमच्याकडून कंटिन्युअस मोड चालू राहिला असेल. बटण दाबलेलं राहिलं की काउंट वाढतो.”

38 हजारांवरून 1 लाख 87 हजार. हा कॅमेरा सेकंदाला 7 फोटो काढतो. एवढा फरक पडायला बटणावरचं बोट न उचलता जवळपास सहा तास सलग शटर चालवावं लागेल. हे मी त्यांना सांगितलं, पहिल्या फोटोचा व्हिडिओ आहे हेही सांगितलं. “व्हिडिओ काय, कोणीही बनवतं,” असं उत्तर मिळालं. वरिष्ठांना फोन द्या म्हटल्यावर बराच वेळ होल्डवर ठेवलं आणि तेच गृहस्थ परत आले: “सर बिझी आहेत. तुम्हाला पाचशेचं कूपन देतो, चालेल?”

नाही चालणार. एक तर खोटं बोलून माल विकायचा, मग ग्राहकालाच खोटारडं ठरवायचं आणि वर ती बाई आहे म्हणून तिच्या नवऱ्याला फोनवर बोलवायचं, हे मी सहन करणार नाही.

हा कॅमेरा मी हौसेखातर घेतलेला नाही. माझ्या जुन्या डी7200 कॅमेऱ्यावर गडकरी रंगायतनमध्ये अरंगेत्रमचे (भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाचे) फोटो काढताना आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 6400 ला चढवला की काळोखात दाणे दिसतात, आणि शांत पदम् (अभिनयप्रधान संथ रचना) चालू असताना शटरचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत जातो. डी850 मध्ये लाइव्ह व्ह्यूवर आवाज न करता फोटो निघतो. फुल फ्रेमच्या, म्हणजे डी850 सारख्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, लेन्स मी आधीच घेऊन ठेवल्या होत्या, बॉडीसाठी दोन सीझन पैसे साठवले. आता तो कॅमेरा कामावर न्यायची माझी हिंमत नाही. अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या आणि शटर अडकलं, तर त्या घरच्या लोकांना मी काय सांगू? मंगलाष्टकं परत म्हणा? या मोसमातली कामं मी जुन्याच बॉडीवर करते आहे.

तुमच्या दुकानाची शिफारस मी स्वतः ठाण्यातल्या दोन नव्या फोटोग्राफर मुलींना केली होती. त्यांना आता हा सगळा प्रकार कागदपत्रांसकट दाखवला आहे. शटर काउंट 38 हजार सांगून 1 लाख 87 हजार काउंटचा कॅमेरा दिलात, हे वाक्य मी विचारेल त्याला सांगणार आहे.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. मालाच्या दर्जाबद्दल खोटी माहिती देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. याच कायद्याने मी राहते तिथे, म्हणजे ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दाद मागता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आज संध्याकाळीच नोंदवते आहे, तुमच्या उत्तराची वाट न पाहता.

मला 1 लाख 12 हजार रुपये पूर्ण परत हवेत, 15 दिवसांत, ज्या खात्यातून दिले त्याच खात्यात. कूपन नको, बदली बॉडी नको, शटर बदलून देण्याचा प्रस्तावही नको. सोबत बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मूळ फाइल, व्हिडिओ आणि तपासणी कार्डाचा फोटो जोडला आहे. कॅमेरा, बॅटरी, चार्जर खोक्यात भरून ठेवलं आहे. रक्कम जमा झाली की तुमच्या खर्चाने माणूस पाठवा, सही घेऊन ताब्यात देईन.

तुमची ग्राहक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)