कागद हातात पडल्याची वेळ लिहा

प्रति,
मा. मंत्री, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: फौजदारी व नियामक खटल्यांत आरोपीला दिल्या जाणाऱ्या कागदांची पोच

महोदय,

तालुक्याच्या कोर्टात दुपारी तीन-साडेतीनला पोलिसांची गाडी लागते. आरोपी खाली उतरतो. नातेवाईक व्हरांड्यात वकील शोधत असतात. वकीलपत्रावर सही घेईपर्यंत पुकारा होतो आणि रिमांड रिपोर्टची, म्हणजे कोठडी मागणाऱ्या पोलिसांच्या अहवालाची, प्रत कनिष्ठ वकिलाच्या हातात पडते ती पुकारा झाल्यावर. सरकारी वकील बोलायला लागलेले असतात आणि हा उभ्याउभ्या पानं उलटत असतो. पीसीआर की एमसीआर, म्हणजे पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी, याचा निकाल पुढच्या दहा मिनिटांत लागतो.

त्या पानांत पाहायचं बरंच असतं. अटकेची वेळ स्टेशन डायरीत काय आहे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तास कधी संपतात? गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, अटक न करता हजर राहायला सांगणारी नोटीस दिली होती का? नसेल, तर अटक का गरजेची होती याची कारणं लिहिली आहेत का? नातेवाइकाला कळवलं का, वैद्यकीय तपासणीचा कागद जोडला आहे का? दुसऱ्या रिमांडला मुद्देमाल जप्त करायचा आहे हेच कारण पुन्हा आलं असेल, तर मधल्या दिवसांत तपास कुठे गेला? त्याच संहितेच्या कलम १८७ मुळे पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता सलग नसतात. दोषारोपपत्राला साठ दिवसांची मुदत असलेल्या प्रकरणात पहिल्या चाळीस, नव्वदच्या प्रकरणात पहिल्या साठ दिवसांत ते तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. म्हणून वापरलेल्या दिवसांची बेरीज दर वेळी नव्याने मांडावी लागते. हे सगळं दहा मिनिटांत करणारा वकील हुशार असला तरी काहीतरी सुटतंच, आणि सुटलेल्याची किंमत कोठडीतला माणूस देतो.

६ नोव्हेंबर २०२५ रोजी, मुंबईतल्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. जागेवर लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायची आणि लेखी कागद रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि त्यावरचं रिमांड दोन्ही बेकायदा. निकाल स्वच्छ आहे. अडतं ते अंमलबजावणीच्या एका बारीक जागी. अटकेच्या कारणांच्या कागदावर आरोपीची सही असते, तारीख असते, वेळ नसते. मग दोन तास मोजायचे कुठून?

भाषेचंही तेच. ठाण्या-पुण्याच्या बांधकामावरच्या ओडिया किंवा बंगाली मजुराला मराठी कागद दिला जातो आणि खाली छापील ओळ असते: ‘मला वाचून दाखवले, समजले.’ कोणी वाचलं, कोणत्या भाषेत, दुभाषा कोण होता, हे लिहायला जागाच नसते. याने आरोपीचं नुकसान होतं तसं पोलिसांचंही होतं, हे आम्ही बचाव पक्षाचे असूनही आवर्जून सांगतो. कारणं खरोखर वेळेत आणि समजेल अशा भाषेत दिली असतील, पण वेळ व भाषा लिहिलीच नसेल, तर चांगल्या तपासाची अटकसुद्धा उच्च न्यायालयात टिकत नाही.

आणखी एक खाच आहे. दोन तासांची अट अटकेच्या कारणांच्या कागदाला आहे, रिमांड रिपोर्टला नाही. वकिलाला युक्तिवाद मात्र रिमांड रिपोर्टवर करायचा असतो. इंग्लंड-वेल्सच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात पहिल्या तारखेला उभ्या राहणाऱ्या ज्युनिअर बॅरिस्टरला फिर्यादी पक्षाने प्रकरणाचा प्राथमिक तपशील त्या दिवसाचं कामकाज सुरू होण्यापर्यंत उपलब्ध करून द्यावा लागतो. तो दिला नसेल तर, वाचायला पुरेसा वेळ दिल्याशिवाय, त्यातली माहिती फिर्यादी पक्षाला कोर्टापुढे मांडू दिली जात नाही. हे तिथल्या फौजदारी कार्यपद्धती नियमांच्या आठव्या भागात आहे. हा नियम आपल्याकडे आणायला मोठा खर्च लागत नाही.

दोषारोपपत्राच्या टप्प्यावर मुदती आमच्या अंगावर येतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांत नकला मिळायला हव्यात, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्याही चालतात. कलम २६२ प्रमाणे वॉरंट खटल्यात (जास्त गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात) दोषमुक्तीचा, म्हणजे आरोप ठेवण्याआधीच सोडण्याचा, अर्ज नकला मिळाल्यापासून साठ दिवसांत करायचा. कलम ३३० प्रमाणे कागदपत्रं मान्य-अमान्य करायला तीस दिवस. दोन्ही घड्याळं नकला मिळाल्याच्या दिवशी सुरू होतात. पण जे मिळतं त्यात पंचनाम्याची तिसरी झेरॉक्स वाचता येत नाही, साक्षीदाराच्या जबाबाचं पान दोननंतर एकदम पान चार येतं, रासायनिक विश्लेषकाच्या (सीए) रिपोर्टच्या जागी ‘प्रतीक्षेत’ असतं. पेन ड्राइव्हमधलं सीसीटीव्ही चित्रण मूळ डीव्हीआरच्या (चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) कंपनीचा प्लेअर असल्याशिवाय उघडत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र दोन भागांत असतं: भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. भाग ‘ब’ कोरा असेल किंवा हॅश व्हॅल्यूचा (फाइल बदलली की बदलणाऱ्या तिच्या ओळख-आकड्याचा) रकाना रिकामा असेल, तर ही फाइल जप्त झालेलीच आहे की नंतर कुणी उघडून पुन्हा साठवली, हे तपासायला काही साधन उरत नाही. कोर्टाच्या रोजनाम्यात मात्र ‘नकला दिल्या’ एवढंच लिहिलं जातं आणि साठ दिवस सुरू होतात.

तपास अधिकाऱ्याने गोळा केलेल्या, पण दोषारोपपत्रात न वापरलेल्या जबाबांची व कागदांची यादी आरोपीला द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२१ च्या आदेशात आणि त्यासोबतच्या मसुदा नियमांत सांगितलं आहे. ही यादी न मागता मिळायला हवी.

डिफॉल्ट जामिनाबद्दल, म्हणजे साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर हक्काने मिळणाऱ्या जामिनाबद्दल, थोडक्यात. पहिल्या रिमांडचा दिवस मोजणीत धरायचा, हे २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नक्की केलं. मुदत संपल्यावर आरोपीचा अर्ज आधी की दोषारोपपत्र आधी, यावर सगळं ठरतं आणि कधी फरक तासाभराचा असतो. अर्जावर आणि दोषारोपपत्रावर आवक शिक्का तारखेचा असतो, वेळेचा नाही.

आता नियामक खटले. अन्न व औषध प्रशासन आपल्या विभागाकडे नाही हे ठाऊक आहे, पण दुखणं तेच आहे आणि तिथे ते जास्त खोल आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग होतात: एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि व्यावसायिकाने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्याच्या खर्चाने. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. त्याविरुद्ध अपील करायला अहवाल मिळाल्यापासून तीस दिवस. यातल्या ‘मिळाल्यापासून’ या शब्दावर किरकोळ दुकानदाराचं सगळं भवितव्य टांगलेलं असतं. अहवाल परवान्यावरच्या जुन्या पत्त्यावर जातो, शेजारचा माणूस सही करून घेतो, लखोटा फेकला जातो. म्हणून अशा पक्षकाराला आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो लखोट्याचा, कारण त्यावरचा टपालाचा शिक्का हा बहुतेक वेळा एकमेव पुरावा असतो. मालाच्या वेष्टनावर ज्या उत्पादकाचं नाव आहे त्याला प्रत आणखी उशिरा पोचते. पनीर-खव्यासारखा नाशवंत माल असेल तर तोवर फेरतपासणीला अर्थ उरत नाही, आणि बचावाचा कायद्याने दिलेला एकमेव खरा मार्ग कागदावरच राहतो.

अहवालातही पाहायचं असतं: नमुन्याचा सांकेतिक क्रमांक, लाखेच्या मोहरेचा ठसा जुळला का, नमुना प्रयोगशाळेत कधी पोचला, तपासणी कधी सुरू झाली, कोणती पद्धत वापरली, प्रयोगशाळेची मान्यता त्या दिवशी चालू होती का. मॅगीवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये रद्द केली त्यात कंपनीला बाजू मांडू न देणं आणि प्रयोगशाळांची मान्यता, हे दोन्ही मुद्दे होते. मोठ्या कंपनीला हे प्रश्न विचारायला ज्येष्ठ वकील मिळतात. गल्लीतल्या किराणा दुकानदाराकडे असतो तीन वर्षं सनद झालेला वकील आणि तारीख नसलेला कागद.

औषधांच्या बाबतीत मुदत याहून कडक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे सरकारी विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध पुरावा द्यायचा इरादा अहवालाची प्रत मिळाल्यापासून अठ्ठावीस दिवसांत लेखी कळवला नाही, तर अहवाल निर्णायक ठरतो. औषध दुकानदाराला हे माहीत नसतं. अहवालासोबतच्या पत्रात या अठ्ठावीस दिवसांचा ठळक उल्लेख असावा, एवढी ओळ छापणं अवघड नाही.

आमची मागणी एका शासन निर्णयाची आहे. आरोपीला किंवा नोटीस मिळालेल्या व्यक्तीला दिलेल्या प्रत्येक कागदासोबत एकाच नमुन्यातली पोच असावी, दोन प्रतींत. तिच्यात कागदाचं नाव, पानांची संख्या, भाषा, दुभाषाचं नाव, दिल्याची तारीख आणि वेळ, देणाऱ्याचं नाव व हुद्दा, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असावा. इलेक्ट्रॉनिक पुरावा असेल तर फायलींची नावं, हॅश व्हॅल्यू आणि ती उघडायला लागणारा प्लेअर सोबत. शेवटी एक रकाना: ‘कोणती पानं वाचता येत नाहीत किंवा मिळाली नाहीत’. हा रकाना घेणाऱ्याने भरायचा. तो भरलेला असेल तर उणी पानं मिळेपर्यंत सरकार पक्षाने मुदत संपल्याचा आक्षेप घेऊ नये, असं अभियोग संचालनालयाने सरकारी वकिलांना कळवावं.

त्याच शासन निर्णयात गृह विभागाशी बोलून एवढं जोडावं: रिमांड रिपोर्ट, अटकेची कारणं आणि अटक पंचनामा यांची पीडीएफ हजर करण्याच्या दोन तास आधी आरोपीच्या वकिलाला, वकील नसेल तर त्या जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक कार्यालयाला (आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयाला) ईमेलने जावी. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. त्या वकिलाकडे आरोपी पोचण्याआधी कागद पोचला तर तो वकील उपयोगी पडेल. ईमेलवर वेळ आपोआप पडते, त्यामुळे वादही राहत नाही. कोर्टातल्या आवक शिक्क्यावर वेळ घालण्याचा विषय उच्च न्यायालय प्रशासनाचा आहे, तो आपल्या विभागाने त्यांच्याकडे लेखी मांडावा.

पोचेचा नमुना आम्ही एका पानात बसवला आहे. विभागाने मागितला तर त्याच दिवशी पाठवू.

आपले,
फौजदारी आणि नियामक कायद्यांत काम करणारे काही कनिष्ठ वकील